एकशे एकसष्ट मीटर

संगणकाच्या पडद्यावर नकाशा, त्यात एक लाल ठिपका, आणि त्याच्याभोवती लाल वर्तुळ, शर्टाच्या बटणाएवढं... जरा जवळ सरकून बसा, मायबाप हो. गायन संपलं म्हणून लगेच उठू नका. त्या बटणाएवढ्या वर्तुळात एक भला माणूस कसा अडकून पडला होता तेवढं सांगतो, मग खुशाल जा.

ओइवा त्या वर्तुळाकडे बघत कॉफी थंड करीत बसला होता. खेळ तसा पोरकटच, पण आमच्या या सरोवरांच्या मुलखात साठीची माणसंही तो खेळतात. रानात डबी लपवायची, जागेचा आकडा, म्हणजे अक्षांश-रेखांश, जाहीर करायचा, अनोळखी माणसांनी ती हुडकून आतल्या वहीत नाव लिहायचं. काही डब्या टप्प्याटप्प्यांच्या : पहिल्या जागी दुसरीचा आकडा, दुसरीत तिसरीचा, आणि हे मधले टप्पे गुप्त. एकाच माणसाचे टप्पे एकमेकांना खेटून असले तरी चालतं. पण दोन वेगळ्या माणसांनी ठेवलेल्या वस्तूंमध्ये एकशे एकसष्ट मीटर हवेतच, नाहीतर एकाचं शोधताना दुसऱ्याचं हाती यायचं. नवी जागा मंजूर करायची की नाही, ते ओइवा ठरवायचा. बिनपगारी तपासनीस. बारा वर्षं.

लाल ठिपका हेल्वीचा होता. त्याच्या बायकोचा. तिच्या डबीचा दुसरा टप्पा.

आणि तो ठिपका त्याने या वसंतापर्यंत कधी पाहिला नव्हता... पाहायचाच नव्हता. बायकोची डबी आपण तपासायची नाही म्हणून ती दक्षिणेकडच्या तपासनिसाने मंजूर केली होती, आणि ओइवाने शपथ घेतली होती : आकडा बघणार नाही, चारचौघांसारखा पायांनी शोधीन. ती हसली होती — मग म्हातारा होशील रे! — आणि जवळच त्याने आपलीही डबी लावली तेव्हा तिनेच दोरीने अंतर मोजायला लावलं होतं. गुडघाभर बर्फात, दोरीचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं टोक कुठे बांधलंय ते बघायची त्याला बंदी, आणि तिचा आवाज झाडांतून : "घरात एक पलंग, रानात एकशे एकसष्ट मीटर! नियम म्हणजे नियम, तपासनीससाहेब!"

तो म्हातारा होण्याआधीच ती गेली. शोधायचं राहून गेलं.

मग गेली दोन वर्षं तिच्या पानावर नोंदी येत राहिल्या : दुसरा टप्पा सापडला नाही. पुन्हा : सापडला नाही. पाच जणांच्या पाच. दुसऱ्या कुणाची डबी असती तर ओइवाने केव्हाच पत्र धाडलं असतं — आपण महिन्याभरात जागेवर जाऊन पाहावं, अन्यथा डबी यादीतून काढावी लागेल, कळावे. असली शेकडो पत्रं त्याने लिहिली होती, किती नेमस्त, किती कोरडी... आणि ती वाचणाऱ्यांच्या घरात काय काय झालं असेल, हे त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं.

फोन वाजला. तौनो. त्याचे वडील गावासाठी चर्चला जायच्या लांब होड्या बांधायचे. तौनोला त्या जुन्या जलवाटेवर चार टप्पे लावायचे होते, आणि शेवटची डबी होडीघरापाशीच हवी होती, जिथे बाप रंधा मारायचा. हा अर्ज तपासतानाच ते लाल वर्तुळ ओइवासमोर पहिल्यांदा उघडलं होतं.

"तिसऱ्यांदा नाही म्हणालास, ओइवा. चाळीस पावलं इकडे सरकलो, नाही. चाळीस तिकडे, तरी नाही. आहे तरी काय रे तिथे? राजाचं सोनं पुरलंय?"

"कुणाचा तरी गुप्त टप्पा आहे. सांगता येत नाही."

"कुणाचा तरी!" तौनो म्हणाला. "बरं, तो कुणीतरी जिवंत आहे ना? जागा बघायला येतो ना कधी? की तूच राखण करतोयस?"

"...आज जाऊन बघतो," ओइवा म्हणाला. आपण काय बोलून बसलो ते त्याला फोन ठेवल्यावर कळलं.

होडीघरापासून हातातलं यंत्र अंतर दाखवू लागलं. एकशे एकोणीस. सत्तर. तिच्या अंत्यविधीला कँटरने, म्हणजे चर्चच्या गायकाने, प्रभूचा उपदेश गाऊन सांगितला होता — तुमच्यासाठी जागा सिद्ध करायला जातो — तेव्हा सगळे रडले होते आणि हा मात्र कोरडा, कारण मनात एकच : ती जागा मला अजून सापडलेली नाही. तीस. भूर्जांना नुकती पालवी फुटली होती, उंदराच्या कानाएवढी. नऊ. पाय अडले. मी फसवतोय तिला... हा आकडा मी कमावलेला नाही, खुर्चीत बसून चोरलाय...

समोर दगडी बांध. दोन दगडांमध्ये खाच. त्याने हात घातला, मनगटापर्यंत, कोपरापर्यंत. ओलं शेवाळ. गारवा. आणखी काही नाही.

काहीच नाही. म्हणजे पोकळीभोवती कुंपण घालून बसलो होतो मी. तौनोच्या बापाची आठवण बाहेर ठेवली, त्या पाच जणांना रिकाम्या हाती परत पाठवलं... आणि हेल्वी? ती तर लोक यावेत म्हणून लपवायची. नोंद आली की चुलीवरचं सूप उतू जाऊ देऊन वाचून दाखवायची — ओइवा, ऐक, एक आजोबा आले होते, नातीला पाठुंगळीला घेऊन! — तिच्या घराला कडी कधी माहीत नव्हती, आणि मी ती लावली, तीही नियमाच्या नावाने.

हात त्याने लगेच काढला नाही. नवी डबी ठेवावी? पुढच्या आकड्याची तिची चिठ्ठी आपल्या अक्षरात लिहावी? की जागा मोकळी करावी? काहीच ठरेना. पण दुसऱ्या हाताने त्याने तौनोला फोन लावला.

"काय रे, सोनं सापडलं?"

"नाही." आवाज भरून आला, आणि त्याने तो लपवला नाही. "तौनो, तुझ्या डबीचं नंतर बघू. मला अजून कळत नाही. पण तू ये इकडे, बांधापाशी. मला हेल्वीबद्दल बोलायचंय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग : "थर्मास भरून घेतो. हललास तर बघ."

तो हलला नाही... पुढे काय झालं ते मला विचारू नका, मायबाप. एवढंच मागतो : आज निजण्यापूर्वी देवाचं नाव घ्याल, तेव्हा त्यात हेल्वीचंही असू द्या.