अकरा जणांस कळवावे

चारुशीलाच्या पहिल्या कीर्तनाला समोर तीन माणसं होती. मामा मधुसूदनराव, मामी यमुताई आणि देवळाची झाडलोट करणारा लहानू. पोरीनं पूर्वरंग कसाबसा ओढला. आख्यानाला रंग चढायचा तर समोर मान डोलावणारं कोणी नको? घरी आल्यावर ती म्हणाली, "मामा, पुढच्या गुरुवारी उभी राहीन. तेव्हाही सतरंजी रिकामीच राहिली, तर मात्र मला पुन्हा आग्रह करू नका."

मधुसूदनरावांना काही उमगेना. गावातल्या महाल भागापासून इतवारी पेठेपर्यंत त्यांनी हातानं लिहून पोस्टकार्डं टाकली होती. वर लाल शाईनं देवाचं नाव, मग भरजरी भाषेत निमंत्रण, शेवटी 'हे पत्र वाचून अकरा जणांस कळवावे, पुण्य लाभेल.' नामाची गोडी चार घरी वाटली जावी, एवढाच भाव.

दुसऱ्या दिवशी दोघं नवरा-बायको दर्शनाला गेली, तर लहानू निर्माल्याची टोपली रिकामी करत होता. झेंडूखाली पोस्टकार्डांचा गठ्ठा.

"हे काय रे?"

"साखळीपत्रं हायेत जी. लोक आनून टाकतेत. देवाचं नाव असते, फाडाले भेव लागते. घरात ठेवाले त्याहून भेव."

त्या वर्षी या पत्रांनी सारा गाव पिडला होता. अमक्या देवीचं पत्र, लिहून अकरा जणांना धाडा, नाहीतर घरावर संकट. यमुताईंनी गठ्ठा चाळला. निम्म्याहून जास्त कार्डं नवऱ्याच्या अक्षरातली.

"लाल शाई, अकरा जण, पुण्य," त्या म्हणाल्या. "आणि तुमचं नाव कुठे? तळाला 'हरिदासांचा चरणरज'. हा चरणरज कोणी ओळखायचा?"

"कीर्तनाच्या पत्रावर माझं नाव वर घालू म्हणतेस?"

"घाला. अहंकार झालाच, तर तुमच्या वाटची माळ मी ओढीन."

दुपारभर दोघं नव्यानं लिहायला बसली. साधी निळी शाई. 'तारावहिनी, मी महालातला मधुसूदन. नातवाचा खोकला थांबला का? गुरुवारी संध्याकाळी माझी भाची चारुशीला आपल्या देवळात कीर्तन करते आहे. तुम्ही समोर बसलात तर तिला धीर येईल.' प्रत्येकाला त्याच्या घरचं काही विचारलं. ज्यांना कीर्तनात कधी पाहिलं नव्हतं, त्यांची नावं यमुताईंनी गाळली.

"अगं, पण देवाचं नाव कुठेच नाही," मधुसूदनराव कळवळले.

"ते चारुशीला घेणार आहे. माणसं आली तर ऐकतील."

गुरुवारी तारावहिनी नातवाला घेऊनच आल्या. इतवारीचे देवराव भांड्यांचं दुकान लवकर बंद करून आले. सतरंजी पुरेना, तशी लहानूनं आणखी एक अंथरली. चारुशीलानं डोळे मिटून नमन धरलं आणि पोरीचा आवाज पहिल्यांदा मोकळा झाला. पूर्वरंग संपला, बुक्का लागला, तेवढ्यात दारातून भाजीवाली बायजाबाई म्हणाली,

"काहून जी मधुसूदनराव, आमाले नाही धाडलं कार्ड? आमाले का कान नाहीत?"

सगळे हसले. मधुसूदनराव ओशाळून उठले. "चुकलं, बाई. पुढल्या वेळी नक्की. पत्ता सांगा."

"पत्ता कायचा? ह्या पायरीपाशी तं बसतो रोज. हातात द्या न."

यमुताईंनी सरकून तिला पुढे जागा दिली. चारुशीलानं पदर खोचला, झांज सावरली आणि आख्यानाचं पहिलं वाक्य बायजाबाईकडे बघूनच सांगितलं.