सफरचंदाच्या बागेखालचे तळघर

मित्रांनो, केंट परगण्यातल्या सफरचंदाच्या बागेत तुम्ही कितीही फिरलात, तरी मी तुम्हाला दिसणार नाही. मी तुमच्या पायांखाली आहे. मी एक जुने तळघर आहे. विटांचा अरुंद बोळ आणि दोन्ही बाजूंना काचेच्या खिडक्या. खिडकीबाहेर आभाळ नाही, माती. त्या मातीत मुळे कशी वाढतात, पावसाचे पाणी कसे झिरपत खाली जाते, हे पाहण्यासाठी मला बांधले.

राल्फ हॉगबेन हे माझे साहेब. रोज खाली उतरून ते काचेवर शाईने मुळांच्या रेघा ओढत. हिल्डा बूरमन ही त्यांची मदतनीस. दूरदूरचे पाहुणे येत, माझे कौतुक करत. माझ्या काचा लखलखीत असत; तळाची मोरी मात्र कोणी उपसत नसे.

एका हिवाळ्यात पाऊस थांबेचना. मोरी गाळाने तुंबली. फुगलेली माती काचांना रेटू लागली. साहेब आत एकटे असताना एक खिडकी फुटली. चिखलाचा लोंढा घुसला आणि दाराशी साचला. दार आत उघडणारे, ते हलेना. पाणी गुडघ्यांवरून कमरेला चढले. मी नुसते पाहत राहिले.

हाक ऐकून हिल्डा फावडे आणि कुऱ्हाड घेऊन धावली. फुटलेल्या खिडकीवरची माती तिने वरून उकरली. साहेबांचा चेहरा दिसला, पण मध्ये मनगटाएवढी मुळे आडवी होती.

"ती तोडू नकोस," साहेब खालून म्हणाले. "आठ वर्षं मोजतोय मी त्यांना."

"आणि बुडालात तर नववं वर्ष कोण मोजणार? डोकं मागे घ्या, साहेब."

घावांनी माझ्या विटा हादरत होत्या. माती पुन्हा पुन्हा ढासळत होती. पाणी छातीला लागले. शेवटचे मूळ तुटले, तशी हिल्डा पोटावर आडवी झाली आणि कोटाला धरून तिने त्यांना वर ओढले.

ओल्या गवतावर कुडकुडत साहेबांनी आधी मुळे तुटलेल्या झाडाची चौकशी केली.

"झाड उभं आहे," हिल्डा म्हणाली. "माझे हात बघा जरा."

हातांची सालटी निघाली होती. साहेबांनी गळ्यातला मफलर सोडला आणि तिच्या हातांना गुंडाळला.

त्या वसंतात झाड एकाच अंगाने फुलले. नव्या काचेशी पांढरे, कोवळे मूळ येऊन टेकायला मात्र दोन वर्षे गेली.

मित्रांनो, आता माझे दार बंद असते. माझी फारशी तक्रार नाही. पण नजरेआड कोणी तुमच्यासाठी राबत असेल, तर त्याची विचारपूस वेळेवर करा. मुळे तोडलेल्या झाडाला पुन्हा मुळे फुटतात. माणसाचे तसे नसते.