लक्ष्या बिचकत नाय

"विमान डोक्यावरनं जाऊ द्या न्हाईतर डोक्यात पडू द्या, आपला लक्ष्या कान बी हलवायचा नाय!" चांगदेवनं ओट्यावर मांडी ठोकून, चहाची बशी तोंडाशी धरून जाहीर केलं.

तेवढ्यात विमान आलं.

आधी अंगणातून सावली सरकली, मग आभाळ टराटरा फाटलं. पत्र्यावर वजनाला ठेवलेले दगड नाचले. चांगदेव बशीसकट ओट्याखाली गेला आणि लक्ष्या दावं तोडून, वाटेतली धुण्याची दोरी शिंगावर घेऊन, थेट शेजारच्या सावळारामच्या स्वयंपाकघरात.

थोड्या वेळानं सावळाराम त्याला परत घेऊन आला. बैलाच्या शिंगावर चांगदेवचा लेंगा लोंबत होता.

"पावणं आलं व्हतं आमच्याकडं," सावळाराम म्हणाला. "चहाला काय थांबलं न्हाईत."

"आज बिचकला आसंल," चांगदेव कपाळावरचा चहा पुसत म्हणाला. "यात्रेत बघ. शर्यतीच्या घाटात भर गर्दीत विमान आलं आन लक्ष्या जागचा हलला, तर त्याचं दावं तुज्या हातात. चारचौघांत सांगतो."

चारचौघं नव्हती. त्याची बायको सरूबाई होती. चुलीपुढं तिच्या हातातली भाकरी तव्यावर करपली. लक्ष्याची आई त्याला जन्म देऊन दुसऱ्याच दिवशी पान लागून, साप चावून मेली, तेव्हा सरूबाईनं त्याला बाटलीनं दूध पाजून जगवला होता. रानाच्या त्या टोकाला असला तरी तिनं "लक्ष्याऽ" म्हटलं की मान वळायची. आणि ह्या माणसानं एका लेंग्यापायी तो पणाला लावला.

कारगिल झालं त्याच्या पुढचा तो उन्हाळा. डिंभ्याच्या बाजूला रोज दहाच्या सुमाराला ही लढाऊ विमानं सरावाला यायची, धरणाच्या पाण्यावरून झाडं वाकवत. कोंबड्यांनी अंडी द्यायचं सोडलं. जानकू धनगराची मेंढरं बिथरून पाण्यात गेली, तशी तो कचेरीत तक्रार घेऊन गेला. साहेब म्हणाला, "पोरं सीमेवर रक्त सांडतात आणि तुला मेंढरांचं पडलंय?" जानकूचा थोरला सीमेवरच होता. जानकूनं काही ते सांगितलं नाही. टोपी घातली आणि घरी आला.

इकडं चांगदेवनं शिकवणी काढली. गोठ्यामागं सकाळ-संध्याकाळ सुतळी बॉम्ब. लक्ष्याला धीर यावा म्हणून स्वतः त्याच्या मानेला बिलगून उभा राहायचा. पहिले काही दिवस बैल थरथरायचा, गव्हाणीला अंग घासायचा. मग थरथरायचा थांबला. सरूबाईनं हाक मारली तरी वळायचा थांबला.

तिनं मागं उभं राहून पितळी थाळी वाजवून पाहिली. लक्ष्या आपला रवंथ करत होता.

"अवं, त्याला ऐकू येईना झालंय," ती चांगदेवला म्हणाली.

"काय?"

"बहिरा केलासा बैल!"

"आरडू नको गं. शिस्त हाय ती. येडी का काय!"

सरूबाई आणखी आरडणार होती, पण मग तिच्या मनात आलं, बहिरा बैल बिचकणार कसा? आणि बिचकला नाही तर जाणार कुठं? ती परत गोठ्यात गेली. लक्ष्याच्या कानामागं खाजवत बसली.

यात्रेच्या दिवशी घाटात मुंगीला जागा नव्हती. बायका वरच्या बांधावर. बरोबर दहाला विमान आलं, ते जत्रेतला पाळणा चाटूनच गेल्यासारखं. शर्यतीत गाड्यापुढं पळायची घोडी स्वारासकट उसात शिरली. बैलांनी पेढ्यांचं दुकान आडवं केलं. "कुणीही घाबरू नये, कुणीही घाबरू नये," असं कर्ण्यावर ऐकू येत होतं, पण सांगणारा माईक घेऊन टेबलाखाली होता. सावळाराम कर्ण्याच्या खांबावर अर्ध्यापर्यंत चढला होता. आणि मधोमध लक्ष्या, गुलालात माखलेला, शांत.

"बघ रं सावळाराम! खाली उतर आन बघ!" चांगदेव नाचला. लोकांनी त्याला फेटा बांधला. वर बांधावर सरूबाईनं पदरात तोंड लपवून डोळे पुसले. लक्ष्या राहिला.

मग शर्यत लागली. चांगदेवनं लक्ष्याला चार बैलांच्या गाड्याला जुंपला. "झाली!" असा पुकारा झाला, हलगी कडाडली, हजार गळ्यांनी आरोळी दिली, तीन बैल सुटले. लक्ष्या शेजारच्या बैलाच्या गळ्यातली झेंडूची माळ खात होता. जू मोडलं. तीन बैल निम्मा गाडा घेऊन वर गेले, निम्मा लक्ष्यापाशी राहिला.

"चांगदेवराव यांचा बैल अद्याप निघालेला नाही," टेबलाखालून घोषणा झाली. घाट हसून लोळला.

संध्याकाळी सावळाराम ओट्याशी आला. "मला दे त्याला. औताला चालंल. दावण समोरच हाय, वहिनीला बी दिसत ऱ्हाईल."

"पैज कोन जिकलं?" चांगदेव गुरगुरला. "तुज्या हातात दावं जायचं न्हाई म्हंजी न्हाई!"

शब्दाचा पक्का माणूस. सोमवारी त्यानं लक्ष्याला टेम्पोत घालून बेल्ह्याच्या बाजारात नेला. व्यापाऱ्यानं बैलाच्या कानाशी टाळी वाजवली, "गरीब दिसतोय," म्हणाला आणि घेतला. कुठं नेला ते चांगदेवनं विचारलं नाही.

"हरला असतास तर समोर तरी दिसला असता," सरूबाई रात्रभर म्हणत होती. "मेल्या, जिकायचीच व्हती व्हय पैज?"

चांगदेव घोरत होता. त्या दिवसापासून तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याला ते पंधरा दिवस कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात विमान आलं तेव्हा चांगदेव ओट्यावरून पाय सोडून विडी ओढत होता. लक्ष्यासारखीच त्यानंही मान वर केली नाही. पत्र्यावरचा दगड घरंगळला. सरूबाई दारातून दगडाकडं बघत होती. दगड चांगदेवच्या पायावर पडला, अंगठ्याचं नख गेलं.