नदीचं नाव

पुष्पाने कळ दाबली. पडद्यावर पुन्हा तोच आकडा उमटला: नऊ तास. मागे उभ्या असलेल्या लीलाधर राणेंनी रुमालाने मान पुसली.

“सारखं हेच येतंय,” ते म्हणाले. “मागच्या पावसाळ्यात पाणी पाच तासांत पोहोचलं होतं. उद्या मोठ्या साहेबांसमोर त्याच पुराचे आकडे घालून दाखवायचंय.”

मे महिन्यातली धुळ्याची दुपार होती; कूलर नुसताच घरघरत होता. धरणातून पाणी सोडलं की ते खालच्या गावांना किती तासांत गाठेल, हे सांगायचं काम या ऑफिसात पूर्वी एका परदेशी संगणकाकडे होतं. तो जळून गेला. त्याच्यावरचा प्रोग्रॅम टेपवर शिल्लक राहिला, पण तो त्या एकाच जातीच्या यंत्रावर चालणारा. तसं यंत्र आता कुठे मिळत नव्हतं. म्हणून साध्या पीसीवर त्या जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा दुसरा प्रोग्रॅम बसवला होता. त्याला एम्युलेटर म्हणत. त्याच्या पोटात जुना प्रोग्रॅम सोडला की त्याला आपण आपल्याच घरी आहोत असं वाटायचं आणि तो निमूट कामाला लागायचा.

तो एम्युलेटर पुष्पाने लिहिला होता. जळगावच्या एका कॉलेजात ती तात्पुरत्या नेमणुकीवर शिकवत असे आणि राणे तिचे विभागप्रमुख होते. असोद्याहून, आपल्या गावाहून, सकाळच्या बसने यायचं, तास संपले की लॅबमध्ये बसायचं, असं करत तिने ते काम तडीला नेलं. राणेंनी ते स्वतःच्या नावावर या ऑफिसाला सादर केलं. ती प्राचार्यांकडे गेली तेव्हा त्यांनी राणेंकडून लेखी खुलासा मागवला. कल्पना आणि मांडणी माझी, मिस फिरके यांनी फक्त टाइप केलं, असा खुलासा आला. त्या जूनमध्ये तिची नेमणूक पुढे वाढली नाही. वडील निंबाभाऊंनी गावातल्या लग्नांना जाणं कमी केलं. मांडवात कुणी ना कुणी विचारायचंच, पोरीचं टायपिंग कसं चाललंय म्हणून. आता ती जळगावात एका खासगी क्लासमध्ये मुलांना कॉम्प्युटर शिकवत होती. तिथेच परवा राणेंचा फोन आला. येशील का, असं त्यांनी इतक्या हळू विचारलं की तिने ऐकू न आल्यासारखं करून त्यांना ते पुन्हा विचारायला लावलं होतं.

ती आली ती त्यांना अडचणीत बघायला.

राणे चहा सांगायला बाहेर गेले तशी तिने प्रोग्रॅम सुरू होण्याच्या क्षणीच थांबवला आणि स्टॅक उघडून पाहिला. चालू होणारा प्रोग्रॅम सगळ्यांत आधी मेमरीच्या याच कोपऱ्यात डोकावतो, कारण त्याला चालू करणाऱ्याने त्याच्यासाठी जे काही द्यायचं ते इथेच ठेवलेलं असतं. आधी, किती आकडे दिले ती संख्या. मग ते आकडे कुठे सापडतील त्याचे पत्ते, आणि संपलं हे कळावं म्हणून एक शून्य. त्यानंतर तशाच रीतीने एन्व्हायर्नमेंट, म्हणजे ज्या परिस्थितीत काम करायचं तिच्याबद्दलच्या गोष्टी, आणि पुन्हा शून्य. पाण्याची पातळी, विसर्ग, वेळ हे सगळं आकड्यांच्या जागी नीट बसलं होतं. पण त्या शून्याला लागून लगेच दुसरं शून्य होतं. मध्ये काहीच नव्हतं.

जुन्या यंत्रावर त्या जागी नदीचं नाव असायचं. ते मिळालं नाही की प्रोग्रॅम अडत नसे, तक्रारही करत नसे. तो मुळात जिच्यासाठी लिहिला गेला त्या दक्षिणेकडच्या कुठल्याशा रुंद, संथ नदीचा हिशेब तो इथल्या गिरणा नदीला लावत होता.

ते नाव तिथे ठेवण्याचा एम्युलेटरमधला भाग लिहायचा राहिला आहे हे तिला तेव्हाही ठाऊक होतं. कॉलेजात तिने जे छोटे प्रोग्रॅम चालवून पाहिले त्यांना नुसते आकडे पुरत होते. विसरू नये म्हणून तिने त्या ठिकाणी एक टीप लिहून ठेवली होती, खाली आपली आद्याक्षरं. तिने फाइल उघडली. टीप नव्हती. राणेंनी तिच्या नावाचा मागमूस राहू नये म्हणून सगळ्याच टिपा पुसून टाकल्या होत्या.

पुष्पा खुर्चीत मागे टेकली. आज कितीतरी दिवसांनी तिला हसू आलं. त्या जागी नाव ठेवायला दहा-बारा ओळी पुरल्या असत्या.

राणे चहा घेऊन आले. त्यांनी कप स्वतः तिच्यापुढे ठेवला.

“काही सापडलं?”

“नाही, सर. तुमच्या मांडणीत मला तरी काही चूक दिसत नाही.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने चहा फुंकून प्यायला. जुन्या पुराचे आकडेच चुकीचे नोंदले गेले असतील, असंही तिने सुचवलं. बुडत्याला काडी मिळावी तसे राणे त्या बोलण्याला धरून बसले. उद्या थांबशील का, असं त्यांनी विचारलं. ती आनंदाने थांबली, धुळ्यातल्या मावशीकडे भाकरी-भरीत जेवून शांत झोपली.

सकाळी मुख्य अभियंता धनसिंग देवरे आले. ऑफिसचे चार-पाच लोक भिंतीला लागून उभे राहिले. त्यांच्यात झुलाल नावाचा एक म्हातारा होता, डोक्याला टोपी, पायांत टायरच्या चपला. भडगावच्या खाली नदीकाठच्या एका गावात तो पाण्याची पातळी बघायचा, आणि ऑफिसातून वेळ कळली की नदीत उतरलेल्या लोकांना हाका मारत फिरायचा. मागच्या पुराचा तो साक्षीदार, म्हणून त्याला मुद्दाम बोलावलं होतं.

पडद्यावर नऊ तास आले. राणेंनी घसा साफ करून जुन्या नोंदींबद्दल शंका काढली. देवरे झुलालकडे वळले.

“नही साहेब,” झुलाल म्हणाला. “पानी दुपारलेच उनं व्हतं. मी तठेच उभा व्हतू.”

पाणी दुपारीच आलं होतं, म्हणजे नोंदीतले पाच तास खरे होते. देवरेंनी एवढंच विचारलं की मग हे यंत्र काय कामाचं. राणेंच्या कपाळावरचा घाम पुष्पा बघत होती. हा क्षण तिने मनात इतक्या वेळा पाहिला होता की त्यात नवं काही नव्हतं. नवं होतं ते राणे पुढे बोलले तेच.

“साहेब, खरं सांगायचं तर एम्युलेटर मूळ यांनी लिहिलाय. मिस फिरके यांनी. सगळा यांनीच. मी फक्त देखरेख केली.”

सगळे तिच्याकडे बघू लागले. हे वाक्य त्यांच्या तोंडून चारचौघांत यावं म्हणून तिने काय नाही केलं होतं. प्राचार्यांच्या दारात ती तासन्‌तास बसली होती. आज ते न मागता समोर आलं होतं. तिने हो म्हणायचं आणि खुर्चीत बसून त्या दहा-बारा ओळी लिहायच्या, की झालं.

तिने ओढणी खांद्यावर सारखी केली.

“नाही, साहेब. मी फक्त टाइप केलं. सरांनी तसं कॉलेजला लिहून दिलंय.”

राणेंनी डोळे मिटले. देवरेंनी आधी त्यांच्याकडे, मग तिच्याकडे पाहिलं.

“म्हणजे याला धनी कुणीच नाही,” ते म्हणाले. “ज्याला धनी नाही त्याच्या भरवशावर मी गावं ठेवणार नाही.”

यंत्र झाकून ठेवा, यंदाही पूर्वीसारखं अंदाजानेच कळवत जा, असं सांगून ते आपल्या खोलीत गेले. राणे वायर गुंडाळत राहिले. गुंडाळी दोनदा सुटली, हे तिने दारातून जाताना नीट पाहून घेतलं.

स्टँडवर जळगावची गाडी लागायची होती. झुलाल तिच्याच बाकावर येऊन बसला. त्यालाही पारोळ्यापर्यंत त्याच गाडीने जायचं होतं. त्याने पिशवीतून शेंगा काढल्या, मूठभर तिला दिल्या. ती त्या सोलून खाऊ लागली. भूक चांगली लागली होती.

तो मागच्या पुराचं सांगू लागला. त्याच्या चुलतभावाची बायको बेबाबाई नदीच्या पात्रात डांगरांचे वेल लावायची. त्या दिवशी ती वेल गुंडाळायला खाली उतरली होती. ऑफिसातून अंदाजाने कळवलं होतं, पाणी संध्याकाळपर्यंत येईल म्हणून.

“तिनी माले इचारं, भाऊ, टाइम शे का? मी सांगं, शे. बठ्ठं आवरी ले.” त्याने टरफलं पायाशी टाकली. “सांज व्हवाना पहिलेच पानी उनं.”

वेळ आहे असं त्याने सांगितलं होतं, आणि बेबाबाई वर आलीच नव्हती. पुष्पाच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“आवंदा मशीन सांगी, आसं म्हनेत,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. “आते ते बी नही. तुम्ही शिकेल शेतस, ताई. लोकेसले मी कितला टाइम सांगू?”

गाडी आली. कंडक्टरने जळगाव, जळगाव म्हणून हाक दिली. झुलाल उठला, पिशवी खांद्याला लावली आणि ती येते का म्हणून थांबला.

“देवरे साहेब कधीपर्यंत असतात, भाऊ?” तिने विचारलं.

“आते जेवाले जातीन. पन घाई करी तं भेटतीन.”

तिने त्याला गाडीत बसायला सांगितलं आणि ती स्टँडबाहेर पडली. ऊन डोक्यावर होतं. वायर गुंडाळणारे राणे अजून डोळ्यांपुढे होते, आणि ते बघून झालेला आनंदही अजून ओसरला नव्हता. चालता चालता ती साहेबांपुढे बोलायचं पहिलं वाक्य जुळवत होती. एम्युलेटर माझा आहे, असं म्हटलं तर तिथेच कुणीतरी विचारणार होतं, मग चूक कधी सापडली.

ऑफिसच्या फाटकाशी ती थांबली. आत देवरेंची जीप सुरू होत होती. तिने हात वर केला.