चार रेघांचं पाणी

स्ट्रोकनंतर ह्यांची वाचा गेली. बोललेलं अर्धंमुर्धं कळतं, पण मराठी अक्षरं पार पुसली. माझं नाव लिहून दाखवलं तर भिंतीकडे पाहावं तसं पाहतात. पण पुण्यात जन्मभर जपानी शिकवलेला माणूस. परवा डाव्या हाताने कागदावर एकच अक्षर काढलं आणि माझ्यापुढे धरलं: 水. मधोमध उभी रेघ, दोन्ही बाजूंना फाटे.

मी जपानी कधी शिकले नाही. आता आम्ही परदेशी, मुलाकडे असतो; डँडेनॉन्गच्या या हॉस्पिटलातली नर्स चिनी आहे, तिला विचारलं.

"श्वेई. वॉटर, प्रमिला," ती म्हणाली आणि पलंगाच्या डोक्याशी लावलेल्या पाटीकडे तिने बोट दाखवलं. तोंडाने काहीही देऊ नये, असं त्या पाटीवर आहे. गिळलेलं फुप्फुसात जातं. सगळं नाकातल्या नळीने.

चिनीत पाणी असेल, जपानीत दुसरं काही असेल, असं मी धरून बसले. मुलाने, प्रज्ञेशने, फोनवर पाहिलं.

"बुधवारसाठी पण वापरतात, आई. जपानीत, कोरियनमध्येही."

"मग बुधवारचंच विचारत असतील. बुधवारी तू लवकर येतोस ना."

"ते ग्लासकडे बोट दाखवतायत. अजून कितीजणांना विचारणार? डिक्शनरी बदलून बाबांची तहान बदलणार आहे का?"

तरी मी स्प्रिंगव्हेलच्या व्हिएतनामी विहारात गेले. त्रिसरण-पंचशील मी रोज घरीच घेते, पौर्णिमेला तिथे जाऊन बसते. तिथल्या म्हाताऱ्या भिक्खुणीने कागद उजेडाकडे धरला.

"आमच्याकडे थुई म्हणतात. फार पूर्वी हाडांवर कोरायचे, तेव्हा हे वाहतं पाणी होतं. मधे प्रवाह, बाजूला थेंब. देशोदेशी उच्चार बदलले, पाणी तेच राहिलं." मग हळूच म्हणाली, "कोण मागतंय?"

मी कागद परत घेतला आणि घडी घातली.

ह्यांचे आजोबा महाडच्या तळ्यावर पाणी प्यायले होते. मार्च आला की हे प्रज्ञेशला समोर बसवून ते सांगायचे. त्या घरातल्या माणसाला पाणी नाकारणारी आता मी.

काल डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बसवून घेतलं. "द्यायचं ठरवलंत तर आम्ही अडवणार नाही. पण न्यूमोनिया होईल, बहुधा ते जातील. नाही दिलंत तर असेच राहतील, कदाचित बरेच महिने. यापुढे सुधारतील असं मला वाटत नाही."

"देऊ या, आई," प्रज्ञेश खाली मान घालून म्हणाला.

सकाळीच मी पाणातिपाता म्हटलं होतं. कुणाचा जीव घेणार नाही, असं रोज हात जोडून म्हणते. त्याच हाताने पेला कसा लावू? मी नाही म्हणाले. प्रज्ञेश उठून पार्किंगकडे निघून गेला.

ह्यांना सांगायचं मलाच होतं. उद्या देते, म्हणून वेळ मारून नेता आली असती, पण खोटं न बोलण्याचंही शील आहे. पलंगाशी वाकले. "अहो, पाणी मिळणार नाही. मीच नको म्हटलंय." काडीवरचा ओला स्पंज ओठांना लावला. त्यांनी तोंड फिरवलं.

ते अक्षर अजून काढतात. नर्सला दाखवतात, फरशी पुसायला येणाऱ्या बाईला दाखवतात, प्रज्ञेशला दाखवतात. मी जवळ गेले की कागद पालथा घालतात.