शुक्रवारचा कार्यक्रम

बुधवारी प्रार्थनेच्या आधीच मुख्याध्यापक प्रेमानंद सरांनी मला बोलावून घेतलं. शुक्रवारी नागपुरात गारपिटीचा इशारा होता. आणि आमचं स्नेहसंमेलन नेमकं शुक्रवारी, तेही उघड्या मैदानात.

"उद्याच उरकून टाका, मॅडम," सर म्हणाले. म्हणायला त्यांचं काय जातं! उरकायचं मला होतं.

जानेवारीच्या थंडीत बोटं गारठली होती आणि डोकं तापलं होतं. ते तापायला फारसं काही लागत नाही, हे सगळ्या शाळेला ठाऊक आहे. मंडपवाल्याशी भांडले, इतवारीतून भाड्याचे पोशाख एक दिवस आधी मागवले, मधल्या सुट्टीत खिचडी चाखून रजिस्टरवर सही केली आणि पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला: कार्यक्रम उद्या, गुरुवारी. रात्री आठपर्यंत ज्यांचा होकाराचा अंगठा ग्रुपवर येणार नाही, त्यांचं मूल नाचात नाही.

शाळा सुटताना चौथीतली मोनाली टेबलाशी येऊन उभी राहिली. "मॅडम, माही आई शुक्रवारी येनार हाये. डबल ड्युटी करून सुट्टी घेऊन राहिली."

तिची आई बुटीबोरीच्या एका कारखान्यात कामाला. तिथेच खोली करून राहते, महिन्यातून एकदा घरी येते. मोनाली इथे आजीजवळ. हे सगळं मला माहीत होतं.

"मग फोन करून सांग तिला."

"फोन गेटवर जमा असते, मॅडम. लागतच नाही."

"मग मी काय करू? गारा काय तुझ्या आईला विचारून पडतात?"

ती निघून गेली. आठला पाच कमी असताना तिच्या आजीच्या फोनवरून अंगठा आला. आजीला, म्हणजे रंभाबाईंना, वाचता येत नाही. तो अंगठा कोणी दाबला हे मला तेव्हाच कळलं होतं. पण यादी पूर्ण झाली याचंच मला बरं वाटलं.

गुरुवारी मी दिवसभर पडद्यामागे होते. पिना लाव, फेटे बांध, रडणाऱ्यांची नाकं पूस. एकही नाच धड पाहिला नाही. चौथीच्या नाचात मोनालीमुळे रांग मोडली, असं कोणीतरी येऊन सांगितलं. ती स्टेजवरून उतरली तशी मी कडाडले, "महिनाभर काय शिकवलं? लक्ष कुठे होतं तुझं?"

तिने ओढणीची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

शुक्रवारी लख्ख ऊन पडलं. संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी मुलांना सुट्टी असते. मी आणि शिपाई भैय्याजी पोशाखांचे गठ्ठे बांधत होतो, तेवढ्यात फाटकातून मोनालीची आई आत आली. ठेवणीतली साडी, जागरणाने लाल झालेले डोळे, हातात गजऱ्याची पुडी.

"उशीर तं नाही झाला ना, मॅडम? ड्युटीवरून सरळ इकडंच आली. मोबाईलची बॅटरी बी संपली."

मागे मंडपाचे बांबू उतरत होते. तिने ते पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. तारीख बदलल्याचं मी कसंबसं सांगितलं. तिने चार शब्द सुनावले असते तर फार बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "कशी नाचली माही पोरगी?"

"छान," मी म्हणाले. खोटं बोलल्याची लाज वाटली, म्हणून मोबाईल काढून ग्रुपवर आलेला व्हिडिओ लावला. मीही तो पहिल्यांदाच पाहत होते.

गाणं सुरू झालं. सगळ्या मुली समोर पाहत होत्या. मोनाली मात्र प्रत्येक गिरकीनंतर मान वळवून फाटकाकडे पाहत होती. एकदा तर ती तशीच थांबली, रांग पुढे गेली, मग धावत जाऊन तिने आपली जागा गाठली.

आईने पडद्यावरच्या मोनालीवर बोट टेकवलं. "मलेच पाहून राहिली ना ते, मॅडम?"

"हो," मी म्हणाले. त्याच पाहण्याबद्दल मी तिला सगळ्यांसमोर रागावले होते, हे मात्र माझ्या तोंडून निघालं नाही.