टाचेची कुरकुर

मित्रांनो, मी एक जुना सेफ्टी बूट आहे. पुढे लोखंडी टोपी, मागे कडक काठ. महाळुंग्याच्या कारखान्यात मी वर्षालीच्या वाट्याला आलो, तेव्हा स्टोअरवाला म्हणाला, "लेडीज साइज नाही ताई. दोन मोजे घाला." तिने घातले. रोज मला पुसायची. तिची लेक माझ्यात बाहुली झोपवायची.

मग वर्षालीची टाच धरली. सकाळी उठली की पहिली पावलं भिंतीच्या आधाराने. टाचेच्या वर, मागे, सूज. पाऊल हललं की आत बारीक कुरकुर. ती फक्त मला ऐकू यायची. शिफ्टभर मात्र उभं काम. सुपरवायझर बबनराव म्हणायचा, "सकाळी लंगडता, दुपारी चालता. नाटक कुठं शिकलात ताई?" माझं चामडं तापायचं. अरे, हीच तर त्या दुखण्याची खूण. चाललं की सैल होतं, थांबलं की पुन्हा आवळतं.

घरी तिच्या सासूबाई यशोदाबाई मायेने, पण जोर लावून टाच रगडायच्या. एकदा मला घालून कामाला निघाली, तेव्हा जिना उतरताना वर्षालीला अशी कळ आली की ती पायरीवरच बसली. शेजारच्या शहाजादीने रिक्षा बोलावली. "आता हात लावू नका, काकू. डॉक्टर बघतील."

डॉक्टरीणबाईंनी वर्षालीला पालथं झोपवलं आणि पिंढरी दाबली. पाऊल हललं.

"पाऊल हललं, म्हणजे तुटलेली नाही," त्या म्हणाल्या. "पिंढरीला टाचेशी बांधणारी ही दोरी. चोळायची नाही. उभं काम बंद. टाचेखाली मऊ गादी. दुखणं उतरलं की भिंत धरून चवड्यांवर उठायचं, सावकाश खाली यायचं. महिने लागतील." मग माझ्याकडे बघून, "हा धोंडा कुणी दिला?"

बबनरावाने डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी वाचली. "बसून काम? मग घरीच बसा की."

तेवढ्यात प्रेस कुरकुरली. त्याने लाइन थांबवली, फिटरला हाक मारली.

"मशीन कुरकुरली की लगेच थांबवता," वर्षाली म्हणाली.

"ती कंपनीची आहे."

"आणि टाच माझी आहे." तिने क्रेट पालथा घातला आणि बसली. फिटर निघून गेला, प्रेस चालू झाली, तरी लाइनवरच्या एकाही बाईने कामाला हात लावला नाही. मग कुठून तरी स्टूल आलं.

आता तिच्या पायात मापाचे बूट आहेत आणि मी भंगारात. त्याचं दुःख नाही. राग आहे, तो गेलेला नाही. मित्रांनो, तुमची आई सकाळी भिंत धरून चालली, तर काय होतंय ते विचारा. ती म्हणेल, काही नाही. तेवढं तिचं ऐकू नका.